सासूबाईंच्या वहीतला मासा

प्रवासाची आखणी कशी करावी हे कुणीही माझ्याकडून शिकावं! ताकामात्सुहून निघायचं, समुद्र डाव्या हाताला ठेवून गाडी हाणायची आणि शंभरी ओलांडलेली दोन दीपगृहं बघून यायची. आधी मुरोतो, मग आशिझुरि. तीन दिवस. कुठे किती मिनिटं थांबायचं, कुठे नूडल्स खायच्या, कुठे मोकळं व्हायला उतरायचं, सगळं कागदावर! दीपगृहाजवळच्या दुकानात आठवणीचा शिक्का ठेवलेला असतो, तो मारून घ्यायला मी खास वहीसुद्धा घेतली होती. निळ्या जरीच्या कव्हरची, चांगली जाडजूड.

कागदावर फक्त सासूबाई नव्हत्या.

"मीही येते, जावईबापू," आदल्या दिवशी त्या म्हणाल्या. "आशिझुरिला दीपगृहासमोरच अडतिसावं देऊळ आहे. माझं तेवढं एकच राहिलंय."

शिकोकूच्या अठ्ठ्याऐंशी देवळांपैकी सत्त्याऐंशी त्यांची झाली होती. एकोणीस वर्षं लागली! निम्मी सासऱ्यांबरोबर, ते गेल्यावर उरलेली एकटीनं. हे अडतिसावं फार लांब, म्हणून दर वेळी राहून जायचं. प्रत्येक देवळात पुजारी वहीत शाईनं लिहितात, वर तांबडे शिक्के मारतात. माणूस गेलं की ती वही शवपेटीत बरोबर ठेवायची आणि वर यमराजापुढे उघडायची. आता अशा बाईला नाही कोण म्हणणार? शिवाय बायको, म्हणजे चिझुरु, माझ्याकडे बघत होती. मी हो म्हणालो.

मुरोतो झकास झालं. दुसऱ्या दिवशी आशिझुरिला पोचलो ते अकरा मिनिटं उशिरा. सासूबाईंनी वाटेत तीनदा संत्री घ्यायला थांबवलं होतं! दीपगृह बघून झाल्यावर मायलेकी हात धुवायला गेल्या. मी गाडीतल्या सगळ्यांच्या एकाच पिशवीतून वही ओढली, चहाच्या दुकानात पळालो, कोरं पान सापडलं तसा शिक्का दाबला. ठक्क! डोक्यावर दीपगृहाची टोपी घातलेला, डोळा मारणारा जाडा कुपा मासा. काय सुरेख उमटला होता!

मुरोतोचा शिक्का शेजारी कसा दिसतो ते बघायला मी पान उलटलं. तिथे काळी शाई होती. तांबडे शिक्के होते. त्याच्या मागच्या पानावरही. त्याच्याही मागच्या!

सासूबाईंच्या वहीचं कव्हरही निळ्या जरीचंच होतं, हे मला कुणी सांगितलं होतं का? नाही!

ओल्या रुमालानं पुसून बघितलं. माशाला मिशा फुटल्या. तेवढ्यात मागून चिझुरुचा आवाज आला, "अहो, चला ना! देवळातली शिक्क्याची खिडकी वीस मिनिटांत बंद होते!"

मी घाईघाईत वही शर्टाच्या आत कोंबली आणि वरून जाकिटाची चेन लावली. वीस मिनिटं काढायची. खिडकी बंद झाली की आज रात्री मुक्कामाला काहीतरी सुचेल, असा माझा विचार. रस्ता ओलांडताना बुटाची नाडी बांधली. मग दुसऱ्या बुटाची. मग समुद्राचा फोटो काढला. पण वाकलो की वही खाली घसरायची, म्हणून मी दोन्ही हातांनी पोट धरून चालत होतो.

"पोटात दुखतंय का?" चिझुरुनं विचारलं.

देवच पावला! "फार दुखतंय," मी कण्हलो आणि देवळाच्या पायरीवर बसकण मारली.

सासूबाईंनी पुढे होऊन पोटाला हात लावला आणि किंचाळल्या, "अगं बाई! पोट फळीसारखं टणक झालंय!"

पांढरे कपडे घातलेले यात्रेकरू गोळा झाले. एका आजोबांनी काठीचं टोक हळूच पोटावर आपटलं. टक्‌ टक्‌ वाजलं. "माझ्या भावाचं अस्संच झालं होतं," ते म्हणाले. "तिसऱ्या दिवशी गेला." चिझुरु रडायला लागली, अँब्युलन्सला फोन लावायला लागली. मी घामानं निथळत होतो, आणि घाम अगदी खरा होता.

"थांब!" सासूबाई म्हणाल्या. "माझी वही यांच्या पोटावर ठेवते. सत्त्याऐंशी देवळांचं पुण्य आहे तिच्यात. पडलं तर पडू दे कमी!"

त्यांनी पिशवी उघडली. आतून माझी वही निघाली. पिशवी उलटी केली. संत्री घरंगळत गेली.

"माझी वही... चिझुरु, माझी वही नाहीये गं." त्या पायरीवरच बसल्या. "तुझ्या बाबांच्या हातची तारीख आहे त्यात. निम्म्या पानांखाली त्यांनीच घातलीय. त्यांना दाखवायची होती गं पुरी करून..."

त्या मोठ्यानं रडल्या असत्या तर मी एकवेळ सहन केलं असतं. त्या हळू रडत होत्या, लहान मुलीसारख्या नाक पुसत. मला स्वतःची इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही. मी जाकिटाची चेन खाली ओढली आणि पोटातून वही बाहेर काढली.

"चमत्कार!" आजोबा ओरडले आणि हात जोडले.

"चमत्कार कसला," मी म्हणालो. "आई, चुकलो." आणि मासा उघडून दाखवला.

सासूबाईंनी डोळे पुसले, चष्मा लावला. माशानं डोळा मारला.

खिडकीतले पुजारी मान वाकडी करून बघत होते. "आजी, मासा कोपऱ्यात आहे. देवळाचं नाव मधे मावेल," ते म्हणाले. "पण वर कुणी विचारलं, तर काय सांगाल?"

"मी कशाला सांगू?" सासूबाई म्हणाल्या. "जावईबापूंना पेन द्या."

"मला?"

"माशाखाली नाव लिहा. संपूर्ण. आणि पत्ता."

यात्रेकरू बघत होते. मी लिहिलं: ओनिशी कुनिहिको, ताकामात्सु, घर क्रमांक, मजला.

"फोन नंबर?" मी आपलं चिडून विचारलं.

"लिहा की. मोबाईलचा लिहा, घरचा नको. घरचा चिझुरु उचलते."

पुजारीबुवांनी देवळाचं नाव लिहिलं, तीन तांबडे शिक्के मारले, शाई वाळवून वही परत दिली. अठ्ठ्याऐंशी पुरी! सासूबाई माझ्याकडे बघून इतकं गोड हसल्या, की माझं पोट खरोखरच दुखायला लागलं.

ह्याला आता तीन वर्षं झाली. सासूबाई ब्याऐंशीच्या आहेत. रोज सकाळी त्यांना फिरायला मीच नेतो. रक्तदाब मी मोजतो, आमटीतलं मीठ मी बघतो, जिना उतरताना त्यांचा हात सोडत नाही, साधी शिंक आली तरी डॉक्टरकडे नेतो. चिझुरुच्या मैत्रिणी म्हणतात, "बाई, जावई असावा तर असा!"