माकडनाळेच्या दगडावर नाव चढले त्याची हकीकत

श्री घाटमाउली समर्थ. जी चढणाऱ्याचा दम काढिते आणि उतरणाऱ्याचे ब्रेक पारखिते, तिचे पायी माथा ठेवून, जे घडले ते ऐकिले तैसे लिहितो. हकीकतीत पदरचे काही घातले नाही. संताप मात्र पदरचा आहे, तो वाचणारांनी पोटात घालावा. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मास, ते समयी डोंगरी मुलखात सायकलस्वारांची दाटी बहुत जाहली होती. मुलूख ऐसा की तीन बाजूंस डोंगर आणि चौथीस त्याहून थोर डोंगर. दक्षिणेस चिंचखिंड, नऊ कोस लांब परंतु चढ मवाळ, तेथे नवशिके जात आणि वाटेत भजी खाऊन माघारे येत. उत्तरेस गवळणीचा घाट, वळणे थोडी आणि वारा ऐसा की उतारावरही पेडल मारावे लागे. आणि मध्ये माकडनाळ. तिची वळणे एकवीस, लांबी सव्वातीन कोस. पहिली सात वळणे करवंदीच्या सावलीतून गोडीगुलाबीने नेतात, मग पुढली हळूहळू हिशेब चुकता करू लागतात, आणि सतरावे जे वळण त्यास स्वार लोक 'सासू' म्हणत, तेथे चढ इतका उभा की पुढले चाक जमीन सोडू पाहते आणि भल्याभल्यांचा पाय खाली येतो.

या घाटाचे माथ्यावर सगुणाबाई ढेबे म्हणोन एक बाई चहाचे व पिठले-भाकरीचे दुकान चालवीत असे. वय पंचेचाळीस, हाड काटक, तोंड फटकळ. तरुणपणी दुधाचे कॅन लावून तिने हाच घाट सायकलीवर रोज चढला होता. दुकानासमोर पुरुषभर उंचीचा काळा दगड होता आणि त्याची राखण सासऱ्यापासून तिजकडे आली होती. रीत ऐसी की, राखणदाराने घाटाकडे पाठ करून बसावे. कोण कैसा चढतो हे पाहू नये. स्वार वर आला म्हणजे एकच प्रश्न पुसावा, "पाय टेकला का?" आणि तो जे सांगेल ते खरे मानून दगडावर गेरूने नाव लिहावे, न टेकला त्याचे उजवे अंगास, टेकला त्याचे डावे अंगास. पावसाळ्यात गेरू धुऊन जाई आणि सर्वांचा मान संपे. ज्यास हवा त्याने पुन्हा चढावे. डावे अंग दरसाल भरगच्च असे आणि उजव्यास पाचसात नावे. पंच नाही, साक्षीदार नाही, आणि आजवर कोणी खोटे बोलला ऐसे ऐकिवात नाही. सगुणाबाईचे स्वतःचे नाव सोळा वर्षे डावीकडेच होते, आणि त्याची तिला लाज नव्हती.

ऐसे असता मुलखाचे कारभारी राजश्री रणधीरराव यांचे मनात आले की, मुलखातील घाटांचे एक सरकारी पुस्तक काढावे, कोणता रस्ता कोठे चढतो, पाणी कोठे मिळते, पंक्चर कोण काढतो ते सर्व त्यात असावे, आणि मुखपृष्ठावर आपली तसबीर माकडनाळेच्या दगडाशेजारी, नाव उजवे अंगास, ऐसी असावी. हेतू वाईट नव्हता हे लिहिणे भाग आहे. मग विलायतेहून सायकल आणविली, जी एका बोटाने उचलावी इतकी हलकी, आणि अंगास घट्ट बसणारा पोशाख आणविला, त्यात पोट मावेना म्हणोन दुसरा आणविला. आणि कचेरीतील बेचाळीस शिपाई निवडोन आज्ञा जाहली की, एका वळणास दोघे ऐसे उभे राहावे, खासा स्वारी आली म्हणजे एकाने सीटास व दुसऱ्याने पाठीस हात लावून पुढील वळणापावेतो धावावे, तेथे पुढील जोडीच्या हवाली करावे, आणि दमलेल्यांनी मागील टेम्पोत बसावे. यास हुकुमात 'सुरक्षा व्यवस्था' ऐसे नाव दिले. पालखीला चाके लावून तीस सुरक्षा म्हणणारी अक्कल कचेरीतच निपजते, अन्यत्र नाही.

मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस घाट इतर स्वारांस बंद करून रणधीरराव चढते जाहले. सगुणाबाई रीतीप्रमाणे पाठ करून बसली होती. आधी बिगूल ऐकिला, मग सायकलीची चेन ऐकिली, आणि मग ऐसी धाप ऐकिली की जणू म्हशींचा कळपच वर येतो आहे. ती वळली. पाहते तो कारभारी सायकलीवर ताठ बसलेले, कपाळ कोरडे, मिशीचे तेल जागचे जागी. आणि सीटास व पाठीस हात लावलेले दोघे धापा टाकीत उभे, मागे टेम्पोतून आणखी चाळीस माणसे उतरली, सदरे घामाने अंगास चिकटलेले; दोघे तर उतरल्याबरोबर रस्त्याकडेस उलटी करिते जाहले. बाई काय ते समजली. तळपायाची आग मस्तकात गेली. परंतु राखणदारास शंका घेण्याचा हक्क नाही. स्वाराचे बोलणे एकदा खोटे ठरविले की पुढे प्रत्येकाचे ठरवावे लागेल, पंच बसवावे लागतील, आणि दगडाचा अर्थ गेला. आणि न ठरवावे तर हे नाव उजवे अंगास जाईल, तरीही दगडाचा अर्थ गेला. ऐसा दोहींकडून फास पडला. तिने घोटभर पाणी पिऊन पुसिले.

"साहेब, पाय टेकला का?"

"नाही टेकला," रणधीरराव प्रसन्न होऊन बोलिले, "एकदाही नाही. सासूला तर मी गाणं म्हणत होतो."

आणि ते खरे होते, यातच सारे दुःख. त्यांचा पाय खरोखर टेकला नव्हता, आणि आपण घाट चढलो ऐसे त्यांस मनापासून वाटत होते. फोटो काढणारा पुढे जाहला. सगुणाबाईने गेरूची वाटी उचलली, उजवे अंगास 'रणधीरराव' ऐसे लिहिले. आणि लिहिता लिहिता तिला सासऱ्याची गोष्ट आठवली. कोणे एके काळी नवरा-बायको दोन सीटांची सायकल घेऊन वर आली, नवऱ्याने पाय न टेकल्याचे सांगितले, तेव्हा सासरा म्हणाला, बाईलाही इचारू दे, तिनंबी पेडल मारलंय. तेव्हापासून एका सायकलीस जितकी माणसे लागली तितक्यांस पुसावे ऐसी रीत पडली होती. ती गेरूची वाटी घेऊनच वळली आणि शिपायांसमोर जाऊन उभी राहिली. पहिला जो होता तो बाळकू म्हेत्रे, वय छप्पन्न, निवृत्तीस दोन वर्षे उरलेली, आणि नाळेचे शेवटले वळण त्याचेच हातून चढले होते.

"दादा, ही सायकल वर आणाया तुमचा हात लागला का?"

"लागला," बाळकू बोलिला.

"मग तुमालाबी इचारते. पाय टेकला का?"

कारभारी यांचे चिटणीस मान हलवून 'नाही म्हण' ऐसे खुणावू लागले. बाळकूने एकवार साहेबांकडे पाहिले आणि मग स्वतःच्या चपलांकडे पाहिले, एकीचा अंगठा तुटला होता.

"टेकला, बाई," तो म्हणाला. "एकच वळण, पण पावलापावलाला टेकला. न टेकता माणूस ढकलायचा कसा?"

मग दुसरा म्हणाला टेकला, आणि तिसरा म्हणाला टेकला, आणि एक पोरसवदा शिपाई रडकुंडीस येऊन म्हणाला, टेकला आणि मुरगळलाही. ऐसे बेचाळीसही जण बोलिले. सगुणाबाईने एकेकाचे नाव, बापाचे नाव विचारून डावे अंगास लिहिले; गेरू सरला तेव्हा चुलीतील कोळसा घेतला. लिहून जाहले तेव्हा दगडावर एकाच सायकलीची, एकाच दिवसाची त्रेचाळीस नावे होती, आणि वाचता येणाऱ्या कोणासही पुढे काही सांगण्याची गरज नव्हती.

रणधीररावांस समजण्यास अंमळ वेळ लागला. समजले तेव्हा चेहरा उतरला, क्षणभर लाजही दिसली ऐसे बाई आजही सांगते. परंतु फोटोवाला समोर, चिटणीस बाजूस, लाज फार वेळ टिकणार कोठून. आज्ञा जाहली की डावे अंग पुसावे. शिपायांपैकी कोणी हालेना, तेव्हा चिटणिसांनी आपलेच बाटलीतील पाणी ओतून, आपल्याच रुमालाने पुसिले. त्याच दिवशी बाळकू म्हेत्रे यांस बेशिस्तीबद्दल घरी बसविले. आठ दिवसांनी क्रेन आली आणि दगड उपटून शहरातील बागेत नेला. तेथे उजवे अंगास एकच नाव कोरून सोनेरी रंग भरिला, डावे अंग घासून गुळगुळीत केले आणि भोवती साखळी लाविली. दगड कचेरीचा नव्हता, कोणी कचेरीस दिला नव्हता, आणि कोणी पुसिलेही नाही. पुस्तक निघाले. त्यात माकडनाळेचे पानावर 'सर्वांसाठी सुलभ चढ' ऐसे छापिले आहे, आणि ते वाचून चढावयास गेलेले किती लोक सासूपाशी हँडलावर डोके टेकून बसतात ते प्रत्यक्ष जाऊन पाहावे.

माघ मासात एके सकाळी सगुणाबाई दगडाच्या खड्ड्याशेजारी पाठ करून बसली होती, सवयीने. स्वार येत, तीही पुसे, तेही सांगत, परंतु लिहावयास जागा नव्हती, म्हणोन बोलणे वाऱ्यावर जाई. इतक्यात जुनी चेन करकरत वर आली, फार हळू, मध्ये मध्ये थांबत. मेहुण्याची काळी, बिनगिअरची, मागे कॅरियर असलेली सायकल घेऊन बाळकू म्हेत्रे आला होता. तिने मान न वळविता पुसिले.

"पाय टेकला का?"

"किती ठिकाणी ते इचारा," बाळकू म्हणाला. "सासूपाशी तर खाली उतरून तंबाखू मळली. पण आज माझा मी आलो, बाई. कुणाचा हात लावला न्हाय."

बाई उठली. दगड नाही, तर रस्ता आहे, ऐसे म्हणोन तिने गेरू कालविला आणि घाटमाथ्यावर डांबरावरच, डावे अंगास, हातभर उंचीच्या अक्षरांत 'बाळकू तुळशीराम म्हेत्रे' ऐसे लिहिले, आणि बाळकू सायकल धरून ते वाळेपावेतो राखीत उभा राहिला. एक सरकारी मोटार आली, तिला त्याने हात करून कडेने जावयास लाविले.

येणेप्रमाणे माकडनाळेचे वर्तमान. आता त्या रस्त्यावर डावीकडे साठ नावे आहेत आणि उजवीकडे चार, आणि रस्ता क्रेनने उचलून नेता येत नाही. बखरकाराने बागेतील दगड पाहिला आणि घाटमाथ्यावरील डांबरही पाहिले. पहिल्यापाशी साखळी ओलांडून थुंकावेसे वाटले, ते आवरिले. दुसऱ्यापाशी पाय पुष्कळदा टेकून पोहोचलो, तेथे हेल्मेट काढिले आणि आपले नाव डावीकडे लिहविले. लेखनसीमा.