फॉर्मात खोटं चालत न्हाई

मन्मथअप्पांना कुणी 'शरणार्थ, अप्पा' म्हटलं की ते हात जोडतात, समोरच्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळतात आणि विचारतात, "प्रवर्ग?"

म्हणजे तुम्ही निराधार, विधवा, दिव्यांग, वयोवृद्ध की आणखी काही. यातलं काहीच नसाल तर अप्पांचा तुमच्यातला रस तिथंच संपतो. माझ्या पोरीच्या बारशाला आले. बाळाचं नाक कुणावर गेलं याचा बायका निकाल लावत होत्या. अप्पांनी पाळण्यात वाकून बघितलं आणि माझ्या बायकोला विचारलं, जन्माचा दाखला काढला का? काढला असशील तर तीन नकला करून ठेव. पोरीला त्यांचा आशीर्वाद मिळाला तो एवढाच.

राणीसावरगावात एसटी स्टँडजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. अप्पा एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर सगळी नोकरी काढून रिटायर झाले, असं त्या कचेरीला वाटतं. अप्पांना तसं वाटत नाही. त्यांनी फक्त टेबल बदललं, आणि आता ते माझं टेबल आहे. सकाळी दहाला येतात, रेक्झिनच्या पिशवीतून शाईचा पॅड, डिंकाची बाटली, टाचण्या आणि अर्ध्या गावाचे पासपोर्ट फोटो बाहेर काढून मांडतात, आणि माझ्याच खुर्चीत बसून मला विचारतात, "दत्ता, काय काम काढलंस?"

गावात कुणालाही कसलंही अनुदान पाहिजे असलं की प्रस्ताव अप्पा लिहितात. फुकट लिहितात, म्हणून लोक त्यांचं ऐकून घेतात. उद्दिष्ट, गरज, लाभार्थी, अपेक्षित परिणाम, एवढ्या चार मथळ्यांखाली न बसणारी गोष्ट जगात नाही असं त्यांचं मत आहे. महादेवाच्या भंडाऱ्याला त्यांनी पंगतीत बसलेल्यांच्या सह्या आधी घेतल्या, मग बुंदी वाढू दिली. ज्या म्हाताऱ्यांना सही येत नव्हती त्यांनी अंगठ्याच्या शाईसकट बुंदी खाल्ली. देवाला हिशेब चोख लागत असेल तर त्या वर्षी तो नक्कीच खूश झाला असणार.

तोंडानं मात्र अप्पा वाट्टेल ते सांगतात. एका कलेक्टरनं म्हणे उठून त्यांना स्वतःची खुर्ची दिली होती. कचेरीत निघालेला साप म्हणे त्यांनी पंचिंग मशीननं मारला. आणि पुण्याचा पोरगा रोज बाराला फोन करतो, हे तर आमच्या गावात एसटीच्या वेळापत्रकापेक्षा पक्कं. बारा वाजले की अप्पा उठायचे, "पोराच्या फोनचा टाइम झाला." समोरच्या लिंबाखाली जाऊन मोबाइल कानाला लावायचे आणि इतकं मोठ्यानं बोलायचे की पुण्याला फोनवाचूनही ऐकू जावं. सून कायमचं बोलवायलीय, पण आपल्याला सवड कुठं हाय, असं परत आल्यावर सांगायचे. मी मनातल्या मनात हसायचो. लिंबाखाली कुणाचाच फोन लागत नाही, रेंजसाठी पार टाकीपर्यंत जावं लागतं. पण म्हाताऱ्याला बढाया मारायची खोड आहे म्हणून सोडून द्यायचो.

कागदाची गोष्ट वेगळी. एका पुढाऱ्याला त्याच्या भावाचं वय सात वर्षांनी वाढवून पाहिजे होतं. अप्पांनी पेनाला टोपण लावलं. म्हणाले, "माझ्या तोंडाचं काय घिऊन बसलास, जीभ हाय, घसरती. फॉर्मात खोटं चालत न्हाई." पुढारी आजतागायत त्यांच्याशी बोलत नाही. अप्पांना ते अजून कळलेलंच नाही.

आता मुद्द्यावर येतो. आमच्याकडं दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. धडधाकट माणसं, लेकरं, शेळ्या सगळं ट्रॅक्टरवर चढतं आणि म्हातारी माणसं मागं राहतात, पार उन्हाळ्यापर्यंत. सकाळी केलेली भाकरी रात्री पाण्यात भिजवून खायची, हा त्यांचा आहार. दोन वर्षांपूर्वी अप्पांनी घरोघर पीठ-डाळ मागून समाजमंदिरात त्यांच्यासाठी दुपारचं जेवण चालू केलं. भाकऱ्या थापायला त्यांच्यातलीच गयाबाई. गावाची दानत दोन वर्षं टिकली. यंदा अप्पा दारात दिसले की लोकांना अचानक शेतात काम निघायला लागलं. दिवाळीनंतर चूल पेटणार नाही हे दिसत होतं.

तेवढ्यात परभणीच्या एका संस्थेनं असल्याच कामांना अनुदान द्यायचं जाहीर केलं. अप्पांनी तीन दिवस माझी खुर्ची सोडली नाही. प्रस्ताव गेला, आणि पाहणीला माणसं येणार असं कळलं.

अप्पांनी म्हाताऱ्यांना बजावून ठेवलं, परभणीहून पाहुणे येणारेत, सगळे हजर राहा. चूक झाली ती इथंच. सरकारी भाषेत चाळीस वर्षं घालवलेल्या माणसानं नेमक्या त्या दिवशी 'पाहुणे' म्हणावं!

संस्थेचे एक सर आणि एक मॅडम गाडीतून उतरले तेव्हा समाजमंदिर सारवलेलं होतं, दारात रांगोळी होती. म्हाताऱ्या बायका लेकीच्या लग्नात नेसलेली लुगडी ट्रंकेतून काढून बसल्या होत्या. म्हाताऱ्या गड्यांनी रुमाल बांधलेले. कुणी गूळ आणलेला, कुणी उसनं तूप, कुणी शेजारणीकडून डाळ. पुरणपोळी झाली होती. मॅडमना गरजेचे प्रश्न विचारायचे होते, पण प्रत्येक प्रश्नाला ताटात एक पोळी पडत होती. जेवायला मिळतं का आज्जी, असं त्यांनी विचारलं, तर गयाबाई म्हणाली, देवाच्या दयेनं काय कमी न्हाई. जाताना मॅडमची ओटी भरली. सरांना टोपी घातली. अप्पा भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांचं तोंड बघवत नव्हतं.

अहवाल आला, 'लाभार्थी सुस्थितीत आढळले. तातडीची गरज दिसून आली नाही.' संस्थेचं तरी काय चुकलं म्हणा, तूप त्यांनी स्वतःच्या जिभेनं तपासलं होतं.

अप्पा तो कागद घेऊन गयाबाईला रागवायला गेले. मीही गेलो, तमाशा बघायला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पाहुणे येनार म्हनले तुमीच. पाहुण्यांम्होरं फाटकं नेसून, उपाशी हाव म्हनून रडत बसावं का?"

अप्पांनी अहवालाची घडी घालून खिशात ठेवली.

परत येऊन त्यांनी संस्थेला चार पानी पत्र लिहिलं. पुरण कुणाच्या घरचं, तूप कुणाचं उसनं, लुगडं किती वर्षांचं, सगळं जोडपत्रात, नावानिशी. त्या पत्राचा परिणाम झाला म्हणायचा, कारण संस्थेनं पुन्हा प्रस्ताव मागवला. अट अशी की लाभार्थी किमान पंधरा पाहिजेत, प्रत्येकापुढं घरी सांभाळणारं कोण आणि विचारपूस करणारं कोण ते लिहायचं, आणि खाली साक्षीदाराची सही.

पंधरा नावं होती. शेवटच्या दिवशी सकाळी धोंडिबाची लेक झरीहून आली आणि बापाला घेऊन गेली. अप्पांना आनंद झाला, खोटं कशाला सांगू, धोंडिबाची पिशवी एसटीत त्यांनीच चढवली. मग दुकानात येऊन बसले आणि त्याच्या नावावर रेघ मारली. चौदा उरले. चारच्या गाडीनं कागद परभणीला जायला पाहिजे होता.

मी म्हणालो, अप्पा, माझ्या मावशीचं नाव टाका, कोण बघायलंय? त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी मशीन पुसायला लागलो. बारा वाजले. त्या दिवशी ते फोनला उठले नाहीत. बराच वेळ पेन नुसतं धरून बसले. मग कागदावर डावा हात आडवा धरून काहीतरी लिहिलं आणि फॉर्म पालथा करून माझ्याकडं सरकवला. "तीन नकला."

झेरॉक्सवाल्यानं वाचायचं नसतं, हा आमच्या धंद्याचा नियम. मी सगळं वाचतो. फॉर्म काचेवर ठेवताना पंधरावी ओळ दिसली. मन्मथअप्पांचं नाव. वय एकाहत्तर. विधुर. घरी सांभाळणारे, कोणी नाही. विचारपूस करणारे, कोणी नाही. अक्षर नेहमीसारखंच, एकसुद्धा खाडाखोड नाही.

इतकी वर्षं मी त्या लिंबाखालच्या फोनला हसत आलो होतो. मला माझीच लाज वाटली.

खाली छापलेलं होतं, 'वरील माहिती खरी असल्याची मी खात्री केली आहे.' अप्पा म्हणाले, साक्षीदार म्हणून तू कर. मी सही केली. ते पिशवी आवरत, माझ्याकडं न बघता म्हणाले, "वाचलंस का?"

"आमी वाचत न्हाई, अप्पा. नुसत्या नकला काढताव."

मंजुरी आली. समाजमंदिरात पहिल्या दिवशी मीही गेलो. तेरा जण भिंतीला पाठ लावून बसलेले, चौदावी गयाबाई चुलीपाशी, अप्पा कमरेला उपरणं बांधून वाढत होते आणि प्रत्येकाची सही झाली का ते बघत होते. शेवटी गयाबाईनं एक ताट वाढून ठेवलं, पंधरावं. अप्पांनी ते बघून न बघितल्यासारखं केलं. बारा वाजत आले होते. म्हणाले, "तुमचं चालू द्या. पोराच्या फोनचा टाइम झाला."

मी दारात उभा होतो. हलकंच म्हणालो, "अप्पा, फॉर्मात पंधरा लिव्हलेत. पंधरावा बसला न्हाई तर फॉर्म खोटा पडल."

ते थांबले. माझ्याकडं बघितलं, मी वाचलं होतं हे त्यांना तेव्हा कळलं. रागावतील असं वाटलं. पण त्यांनी उपरणं सोडून त्याची घडी घातली, पिशवी भिंतीशी ठेवली, वहीत स्वतःच्या नावापुढं सही केली आणि ताटावर बसले.

गयाबाईनं भाकरी आणली. आणखी एक आणली. अप्पा मान खाली घालून जेवत होते. तिनं तिसरी पुढं केली, तेव्हाही त्यांनी ताटावर हात आडवा धरला नाही.