नऊ वेळा गाळलेला दिवा

आमच्या मजल्यावर जिन्यापाशी जुनं लुगडं चार पदरी बांधून टांगलेलं असलं आणि त्यातून खालच्या पातेल्यात थेंब थेंब पडत असले, की समजायचं, धर्माकाका दिवा गाळतायत. बरोबर वाचलंत, दिवाच!

काचेची उंच बाटली, आत पाणी आणि लाल मेण. खालचा बल्ब तापला की मेणाचे गोळे सावकाश वर जातात, गार होऊन खाली येतात. लाव्हा लॅम्प म्हणतात त्याला. काका न्हावा शेवा बंदरातून रिटायर झाले तेव्हा दोस्तांनी दिलेला. पारूकाकी संध्याकाळी सिरीयल सोडून त्याच्यासमोर बसायच्या आणि गोळा वर निघाला की म्हणायच्या, "बघा, बाय चालली म्हायेरा!"

दिवाळीआधी घराचं रंगकाम काढलं. काकांनी तापलेला दिवा तसाच काखोटीला मारून आतल्या खोलीत नेला. झालं, ढवळून पाण्याचं ताक!

मी त्यांच्या समोरच राहतो, खांदेश्वरच्या शाळेत विज्ञान शिकवतो. न राहवून म्हटलं, "काका, गार होऊ द्या. मेण तळाला घट्ट बसलं की वरचं पाणी कागदातून गाळा."

"मास्तर, आमी मिठागरातली मानसं. पानी मना शिकवू नको."

आणि गावाकडे हंड्यात फिरवतात तशी त्यांनी दिव्यात तुरटी फिरवली! दुसऱ्या दिवशी ताकाचं दही झालं होतं. मग गुपचूप माझाच उपाय सुरू झाला, पण कागदाऐवजी काकींचं लुगडं. माझं नाव काढतील तर शपथ.

सेक्रेटरीने नोटीस लावली, पॅसेजमध्ये काहीही गाळू नये. काकांनी ती काढून पातेल्यावर झाकण म्हणून ठेवली. सेक्रेटरी तणतणत वर आला, तर म्हणाले, "ही बिल्डिंग हाय ना, हितं माज्या बापाचं मिठागर व्हतं. आमी खाडीचं पानी अडवलंय. तू माजं पातेलं अडवतोस? अडव!"

तो बिचारा लिफ्टची वाट न बघता जिन्याने उतरला.

चौथ्या खेपेला पाणी इतकं निवळलं, की पलीकडचं कॅलेंडर वाचता येत होतं. मी टाळ्या वाजवल्या. काकी दिव्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अजून गढूलच हाय."

काकांनी निमूट लुगडं बांधलं. पाचवी खेप, सहावी. काकींचं आपलं तेच. कधी लुगड्याला शिव्या, कधी बल्बला, पण काका गाळतायत! नवव्या वेळी माझं डोकंच सटकलं.

"काका, पाणी स्वच्छ आहे हो! वेड लागलंय का तुम्हाला?"

त्यांनी मला दंडाला धरून जिन्यात ओढलं.

"हलू बोल. पानी कवाच निवललं. तिचा डोला गढूल झालाय. तिच्या आयचा डोला आपरेशनात गेला. मोतीबिंदू बोललो तर ही जेवायची नाय. म्हून सगला दोष दिव्यावर घेतलाय."

"पण असं किती दिवस?"

"ती तयार व्हईल तवर. शंभर वेला गालीन. कोन अडवतो तो बघतो!"

मला माझीच लाज वाटली. तेवढ्यात मागे दार वाजलं. काकी उभ्या होत्या. चाचपडत पुढे आल्या, टांगलेल्या लुगड्यावरून हात फिरवला.

"चिंध्या केल्या माज्या लुगड्याच्या," त्या म्हणाल्या. "बास झालं आता. उद्या न्या मना डाक्टरकडं. पन हात सोडायचा नाय."

काकांनी सोडला नाही. ऑपरेशन थिएटरच्या दारात नर्सने अडवलं, तर तिलाही मिठागर ऐकवलं म्हणे.

पट्टी निघाली त्या संध्याकाळी मला बोलावणं आलं. दिवा लावला. लाल गोळा वर निघाला.

"अगं बाय! केवढा लाल!" काकी लहान पोरीसारख्या हसल्या. मग वळून काकांचा चेहरा जवळून न्याहाळला.

"आवो, तुमी कवा येवढं पिकलात?"

काका भिंतीकडे तोंड करून बसले. खांदे हलत होते.

मी हळूच रुमाल पुढे केला. "काका, पुसा."

"मास्तर," ते वळले नाहीत, "पानी मना शिकवू नको."