अप्पांची दुसरी खुर्ची

शिवप्पा पंचेवाल्यांच्या पंगतीला बसायला लोक घाबरत. अप्पा, म्हणजे सोलापुरातली आमची सगळी बाळीवेस त्यांना अप्पाच म्हणे, एका वेळी एकच पदार्थ खात. लग्नघरात आधी नुसती आमटी मागून घेत, ती संपवत, मांडीवरच्या पंच्यानं ओठ टिपत आणि भिंतीला टेकत. मग भाजी. मग पुन्हा विश्रांती. त्यांची पोळी पानात पडेपर्यंत शेजाऱ्याचा ताकभात झालेला असे. दुसरी पंगत दारातून ओरडे, "ओ अप्पा, आटपा की! हितं पोटात कावळे कोकलायलेत!"

"कोकलू द्या," अप्पा म्हणत. "पाँडेचरीला कुणी घाई करत न्हाई."

पाँडेचरी म्हणजे मद्रासच्या खाली फ्रेंचांचं गाव. अप्पा सोलापुरी पंच्यांची गाठोडी घेऊन दक्षिणेत फिरत. त्या गावाबाहेर, सुरूच्या बनात, अगदी समुद्राला लागून एका फ्रेंच साहेबाचं हॉटेल होतं. त्यानं गाठोडं घेतलं आणि खूश होऊन अप्पांना तिथंच जेवायला बसवलं. मांसमच्छी चालत नाही, एवढं अप्पांनी हातवारे करून पटवलं होतं.

"आधी पातळ आलं, बी.ए.," ते मला सांगत. आमच्या गल्लीतला पहिला बी.ए. मी. हे सांगायला मला लाज वाटत नाही. माझे वडील गिरणीत गाठी वाहता वाहताच वारले. निकाल लागला त्या दिवसापासून अप्पा मला अहो-जाहो करू लागले. "म्हटलं, आता भात येतोय. कुठला भात! पातळ प्यालो, तर ताटच उचलून नेलं. म्हटलं, आमचं काय चुकलं बाबा? तर दुसरं ताट! त्यात नुसत्या शेंगा, उकडलेल्या. पाव म्हणाल तर आपल्या कडक भाकरीचा सख्खा भाऊ. आणि शेजारी बघतोय तर काय, माझा पंचा! अंग पुसायला विणलेला पंचा, साहेबाच्या मांडीवर!"

परत आल्यावर अप्पांनी विलायतेला निघालेल्या एका गिरणीसाहेबाच्या सामानाच्या लिलावात टेबल घेतलं आणि दोन खुर्च्या. एक स्वतःला, दुसरी गौरव्वाला. गौरव्वा म्हणजे त्यांची बायको, आणि घोडं अडलं ते तिथंच.

"नवऱ्यासमोर खुर्चीवर बसू? लोकं तोंडात शेण घालतील," गौरव्वा म्हणाली आणि त्या खुर्चीवर तिनं पिठाचा डबा ठेवला. अप्पा रोज डबा उतरवत. ती रोज चढवी. एकदा अप्पांनी वैद्याचं नाव सांगून तिला बसवलंच. पण तव्यावरची भाकरी करपायला लागली आणि ती उठून पळाली. मग अप्पांनी ताज्या भाकरीवरच बंदी घातली. चार दिवसांची कडक भाकरी दोन्ही वेळा. म्हणजे चूल पेटवायला नको, उठायला नको. ती मिठासाठी उठली, चटणीसाठी उठली, पाण्यासाठी उठली. अप्पांचा मात्र एक दात गेला. गल्ली पोट धरून हसली. म्हातारा साहेब व्हायला निघालाय, असं आम्ही सगळेच म्हणत होतो.

एका रविवारी अप्पा आमच्या घरी आले. "दुपारी या, बी.ए. पाँडेचरीचं जेवण हाय. वैनींनाबी आणा."

वैनी म्हणजे माझी आई, ती सकाळीच तिकडं गेली. मी लांब कोट घातला, टोपी घासूनपुसून घेतली. जाऊन बघतो तर टेबलावर दोन ताटं, दोन खुर्च्या. पाहुणा मी, तेव्हा बसायला वाकलो. अप्पांनी दंड धरला.

"तुमी न्हाई. तुमी वाढायचं."

"मी? अहो, मी बी.ए. आहे!"

"म्हणूनच की! दुसरं कुणी वाढाय लागलं तर ती उठून पळी हिसकून घेती. बी.ए.च्या हातची कशी हिसकंल?"

आत चुलीपाशी आई भाकऱ्या थापत होती आणि पदर तोंडावर धरून हसत होती. म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. मी चांगलाच भडकलो. निघणार, तेवढ्यात अप्पा हळूच म्हणाले, "तितं शेजारच्या टेबलावर एक म्हातारा साहेब होता. त्याची मड्डमबी म्हातारीच. दोघं बोलत होती, जेवताना. एकमेकाच्या तोंडाकडं बघून. मला काय कळतंय फ्रेंच? पण बघतच बसलो. आमी लगीन झाल्यापासनं तिच्या पाठीशी बोलतोय, बी.ए. ती चुलीकडं तोंड करून, आमी हिकडं."

मी कोट काढून खुंटीला अडकवला.

गौरव्वा आली ती डोईवरचा पदर पुढं ओढून, खुर्चीच्या अगदी काठावर टेकली. मी आमटी वाढली. ती उठायला लागली. "बसा, काकू," मी कॉलेजातल्या आवाजात म्हणालो. बसली. मी वाट्या उचलल्या, भाजी आणली. अप्पा एकदा खाकरले, एकदा त्यांनी छताकडं बघितलं. बोलायचं म्हणून एवढा खटाटोप केला आणि समोर तोंड आल्यावर त्यांना शब्द सुचेना.

"बोला की आता," गौरव्वाच म्हणाली. "का ह्येच्यासाठी बशिवलंय?"

"भाजी... बरी झालीय," अप्पा म्हणाले.

"वैनींनी केलीय ती."

आईनं तव्यावरून उतरवलेली भाकरी मी धावत नेऊन गौरव्वाच्या ताटात टाकली. फुगलेली होती. तिनं ती मोडली, वाफेनं बोट भाजलं, ते तोंडात घातलं. मग एक घास खाल्ला. चावता चावता थांबली आणि भाकरीकडं बघत राहिली.

"गरम अशी लागती व्हय?" ती म्हणाली.

अप्पांच्या ताटात मी मागोमाग वाढलेली भाकरी अजून वाफाळत होती. ती त्यांनी उचलून तिच्या ताटात सरकवली.

आतून आईनं विचारलं, "अजून टाकू का, भावजी?"

"टाका, वैनी, टाकत ऱ्हावा," अप्पा म्हणाले. "ती आज उठायची न्हाई."