तेंदूझरीच्या ड्रोनबंदीचे यश

जमिनीला सातबारा असतो, आकाशाला नसतो. त्यामुळे जमिनीवर अतिक्रमण करायचं तर हिंमत लागते, मनगट लागतं आणि ओळखीचा तलाठी लागतो. आकाशात अतिक्रमण करायला चार्ज केलेली बॅटरी पुरते. ही गोष्ट ध्यानात आल्यावर जगभरच्या मोठ्या विमानतळांनी आपल्या हद्दीत ड्रोनवर निर्बंध घातले. मग तेंदूझरीनंच मागे का राहावं? आमच्याकडे विमानं नव्हती इतकंच. विमानतळ होता.

हा विमानतळ म्हणजे गावाबाहेरची एक डांबरी धावपट्टी. एका कारखान्याचे मालक हवाई मार्गानं येणार होते म्हणून ती बांधली गेली. मालक आले नाहीत, कारखानाही आला नाही. धावपट्टी मात्र कुठे जाणार? तालुक्यातला हा सगळ्यात गुळगुळीत रस्ता असून तो कुठेही जात नाही, त्यामुळे तो टिकला आहे. दिवाळीच्या आसपास तिथे सोयाबीन वाळतं, मग धान, उन्हाळ्यात मिरची. पोरी स्कूटी शिकतात. वाऱ्याची दिशा दाखवायला खांबावर एक लांब कापडी पिशवी टांगलेली असे, ती कुणीतरी मोहफुलं भरायला नेली. (पिशवी दोन्ही बाजूंनी उघडी असते, हे त्या माणसाला घरी गेल्यावर कळलं असावं.) विमान म्हणाल तर निवडणुकीच्या हंगामात एखादं उतरतं आणि निकालानंतर उतरत नाही.

गावात पहिला ड्रोन आला तो गुणवंतरावांच्या पुतणीच्या, नीलिमाच्या लग्नात. गुणवंतराव म्हणजे पंचायत समितीचे माजी सभापती. नवरानवरीचे हार आकाशातून यावेत अशी त्यांची इच्छा होती आणि ती तौसीफच्या फोटो स्टुडिओनं मनावर घेतली. हार आकाशातून आले हे खरं. एक बँडवाल्याच्या तुतारीत अडकला आणि दुसरा पंख्यात गुरफटून ड्रोनसकट जिलेबीच्या परातीत उतरला. तरीही वऱ्हाडी मंडळी इतकी भारावली, की पुढच्या लग्नसराईपर्यंत तौसीफनं हप्त्यावर एकोणीस ड्रोन विकले. छंद म्हणून. आमच्याकडे आधी छंद नव्हते, फुरसत तेवढी होती.

या एकोणीस ड्रोननी वर्षभरात केलेल्या कामाचा आढावा घेतला तर तो असा: स्वतःच्या घराचं छप्पर, शेजाऱ्याच्या घराचं छप्पर, शेजाऱ्याच्या छपरावर वाळत घातलेलं सारं काही, एक वाघ (नंतर ते तणसाचं पुंजाणं, म्हणजे ढीग, निघालं) आणि नदीवर धुणं धुणाऱ्या बाया. यांपैकी शेवटच्या कामात कमळाबाईंनी धुण्याच्या मोगरीनं एक ड्रोन पाडला. ड्रोनविरुद्धची तालुक्यातली ही आजवरची एकमेव यशस्वी कारवाई. तिची दखल घेऊन कमळाबाईंवर नुकसानीची तक्रार दाखल झाली.

पुढे एका पाहुण्यांचं विमान उतरताना नेमका त्यांच्या खिडकीसमोर एक ड्रोन आला. पाहुण्यांना तो स्वागताचा भाग वाटला आणि त्यांनी हात जोडले. वैमानिकाला तसं वाटलं नाही. वरून पत्र आलं.

आता प्रश्न उभा राहिला की ड्रोन कुणाच्या अखत्यारीत. एका कार्यालयानं कळवलं की त्याला पंख असले तरी पिसं नाहीत, सबब हा पक्षी नव्हे. दुसऱ्यानं कळवलं की त्याला चाकं नाहीत, सबब हे वाहन नव्हे. तिसरं म्हणालं, विमानतळावर विमान नसल्यास तो विमानतळ की खळं, याचा आधी खुलासा व्हावा. प्रत्येकाचं म्हणणं स्वतंत्रपणे बिनतोड होतं. अशा वेळी समिती नेमतात. तिचं नाव ठरलं, 'तेंदूझरी विमानतळ परिसर ड्रोन नियंत्रण व प्रोत्साहन समिती'. नियंत्रणाला निधी नव्हता, प्रोत्साहनाला होता, म्हणून दोन्ही शब्द घेतले. अध्यक्ष गुणवंतराव. तांत्रिक सल्लागार तौसीफ, कारण ड्रोनबद्दल गावात त्यालाच माहिती होती आणि हप्ते त्याचेच यायचे होते.

मी समितीवर नाही. तिची एकही बैठक मात्र मी चुकवली नाही, कारण तिथला तर्री-पोहा.

नियमांवर दोन महिने कडाक्याची चर्चा झाली. एका गटाचं म्हणणं, सरसकट बंदी घाला. दुसऱ्या गटाचं म्हणणं, बंदी घाला पण सरसकट कशाला. शेवटी असं ठरलं की धावपट्टीपासून पाच किलोमीटरपर्यंत ड्रोन उडवता येणार नाही. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की गाव दीड किलोमीटरवर आहे, म्हणजे अध्यक्षांचं वाडीतलं फार्म हाऊसही आत येतं. तेव्हा अंतर कमी करून 'दृष्टिक्षेपात विमान असेपर्यंत' असं केलं. प्रत्येक ड्रोनला नोंदणी क्रमांक आला. नोंदणीमुळे गैरवापर थांबतो, कारण नोंदणी झालेल्या माणसाला आपण गैरवापर करतोय असं वाटेनासं होतं. बेकायदा ड्रोन टिपण्यासाठी समितीनं स्वतःचाही एक ड्रोन घेतला (तौसीफकडून), त्याला कर्णा बसवला आणि त्यात तौसीफच्या आवाजात 'कृपया आपले ड्रोन खाली घ्या' हे वाक्य भरलं.

पण समितीची खरी कमाई म्हणजे नियम सातवा. विमान किंवा हेलिकॉप्टर येणार असेल तर सर्व ड्रोनधारकांना एक तास आधी कळवायचं, म्हणजे ते उडवणार नाहीत. त्यासाठी 'नो ड्रोन तेंदूझरी' नावाचा ग्रुप काढण्यात आला.

"दुनियेत कुठी असा नियम नसन भाऊ," गुणवंतराव त्या दिवशी पोह्यावर लिंबू पिळत म्हणाले. "बाकीचे उडवल्यावर पकडते. आपण आधीच सांगून देतो, का आता येऊन राह्यलं, उडवू नोका."

"एकदम बरोबर आहे जी," तौसीफ म्हणाला. "पर लोकेशनही टाका ग्रुपवर. नाई तं लोकायले समजत नाई, नेमकं कुठी नाई उडवाचं."

लोकेशन टाकण्याचं सर्वानुमते मान्य झालं.

यश डोळ्यात भरण्यासारखं होतं. नियम लागू झाल्यापासून चार महिने विमानाजवळ एकही ड्रोन आढळला नाही. (विमानही आढळलं नाही.) ग्रुपमध्ये आधी एकोणीस जण होते, ते एकशे बारा झाले. राजुऱ्याचे आले, घुग्घुसचे खाणीत पाळी करणारे आले. ज्यांच्याकडे ड्रोन नव्हता त्यांनीही, बंदी आपल्याला लागू व्हावी म्हणून, घेतला. समितीच्या अहवालात याला 'वाढती नियमपालनाची भावना' असं म्हटलं आहे.

मग एप्रिलात रीताचं झालं.

रीता ही धनराज कुमरेची बायको, एटापल्लीकडच्या जंगलातल्या एका पाड्यावरची. नववा महिना भरलेला. तिला सासू ठमाबाईनं आणि नवऱ्यानं आधी खाटेवर, मग ट्रॅक्टरवर असं करत तेंदूझरीच्या दवाखान्यात आणलं. आमच्या दवाखान्यात ऑपरेशनची खोली आहे, टेबल आहे, वरचा मोठा दिवा आहे. भूल देणारा डॉक्टर नाही. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, बाळाचे ठोके मंदावताहेत, हिला नागपूरला न्यावं लागेल आणि आत्ता न्यावं लागेल. रस्त्यानं पाच तास, कारण रस्त्यावर खनिजाचे ट्रक. हवेतून तास, सव्वा तास.

इथे शासनाचं कौतुक केलं पाहिजे, आणि हे मी चेष्टेनं म्हणत नाही. बाईंनी फोन केले आणि दोन तासांच्या आत हेलिकॉप्टर मंजूर झालं. आमच्या तालुक्यात इतक्या वेळात जातीचा दाखलाही मंजूर होत नाही. चार वाजता हेलिकॉप्टर येणार. कोतवालानं धावपट्टीवरची मिरची बाजूला सारली. रुग्णवाहिका काठाला उभी राहिली, आत रीता आणि तिचा हात धरून बसलेला धनराज. ठमाबाई बाहेर, आकाशाकडे तोंड करून.

तीन वाजता, नियम सातनुसार, ग्रुपवर सूचना पडली. 'आज चार वाजता हेलिकॉप्टर येत आहे. कोणीही ड्रोन उडवू नये.' खाली लोकेशन.

पावणेचारला धावपट्टीवर दीडशे मोटारसायकली होत्या. भेळवाला होता.

हेलिकॉप्टरचा आवाज आला तेव्हा पहिला ड्रोन वर गेला. तो बघून दुसरा. गुणवंतरावांचा सख्खा भाचा आदेश, त्याचा ड्रोन सगळ्यात उंच होता. त्याला कुणीतरी हटकलं तर तो शांतपणे म्हणाला, "मी कुठी उडवून राह्यलो? हे बाकीचे उडवून राह्यले ना, त्याचा पुरावा घेऊन राह्यलो मी." विचारल्यावर कळलं की बाकीचेही पुरावाच घेत होते. सहा ड्रोन वर, आणि एकही जण उडवत नव्हता. मग कारवाई म्हणून समितीचा सातवा ड्रोन वर गेला आणि हेलिकॉप्टरच्या घरघरीत 'कृपया आपले ड्रोन खाली घ्या' असं म्हणत सगळ्यांच्या मधोमध उभा राहिला.

हेलिकॉप्टर खाली येऊ लागलं, थांबलं, परत वर गेलं. गोल फिरून पुन्हा आलं. वैमानिकाला दिसत असणार की यातला एक जरी त्याच्या पात्यात सापडला तर आतले आणि खालचे, कुणीच उरणार नाहीत.

ठमाबाई धावपट्टीच्या मध्यावर गेली. डोक्यावरचा पदर काढून हातात घेतला आणि तो दोन्ही हातांनी हलवू लागली, एकदा ड्रोनकडे बघून, एकदा लोकांकडे. "हटवा गा ते," ती म्हणत होती. "त्याले उतरू द्या. माही सून आहे गाडीत. उतरू द्या ना गा त्याले." आवाज फार मोठा नव्हता. मी जवळ होतो म्हणून ऐकू आला. एक ड्रोन खाली आला, तिच्या डोक्याच्या जरा वर थांबला आणि तिच्याभोवती हळूहळू गोल फिरला. त्या कोनातून ऊन छान येत होतं.

तिसऱ्या फेरीनंतर हेलिकॉप्टर निघून गेलं. रुग्णवाहिका रस्त्यानं गेली. रीता वाचली. मूल वाचलं नाही. मुलगी होती.

समितीनं आठवड्याभरात चौकशी पूर्ण केली. पोहा होता, मी खाल्ला नाही. निष्कर्ष असा की, घटनेच्या वेळी आकाशात असलेल्या सातही ड्रोनची नोंदणी चालू होती, क्रमांक ठळक अक्षरांत होते, सूचना वेळेत गेली होती आणि ती सर्वांनी वाचल्याच्या निळ्या खुणा उपलब्ध आहेत. त्या दिवशी तेंदूझरीच्या आकाशात समितीकडे नोंदणी नसलेली एकच वस्तू होती आणि ती म्हणजे हेलिकॉप्टर. त्याला नोटीस काढण्यात आली. नियम सातात दुरुस्ती सुचवली गेली, की सूचना एक तास आधी न देता तीन तास आधी द्यावी, म्हणजे लांबच्या ड्रोनधारकांनाही पालन करता येईल.

धनराज एकदा समितीच्या दारापर्यंत आला होता. उभा राहिला आणि गेला. मला वाटतं त्यानं निदान एक दगड मारायला हवा होता. कमळाबाई असत्या तर त्यांनी मारला असता.

आता उरला तो व्हिडिओ. तो कुणी टाकला हे समितीला समजू शकलं नाही. तीस सेकंदांचा आहे. मूळ आवाज काढून त्यावर एक गाणं लावलंय. डोंगर, लाल मिरचीच्या राशी, मागे हेलिकॉप्टर आणि मधोमध एक आदिवासी म्हातारी पदर हलवून त्याला टाटा करते आहे. वर लिहिलंय, 'आजीने पहिल्यांदा पाहिलं हेलिकॉप्टर'. परवापर्यंत तो चौदा लाख लोकांनी पाहिला. आमच्या तालुक्याची लोकसंख्या एक लाखाच्या आत आहे, त्यातल्या निम्म्या गावांत रेंज नाही आणि ठमाबाईकडे फोन नाही. तेव्हा उरलेले तेरा लाख कुठले, यावर समितीत बरीच चर्चा झाली.

मला अंदाज आहे. तुम्हालाही तो व्हिडिओ आला असेल. आजी गोड वाटली असेल. घरच्या ग्रुपवर पाठवला असेल, लाल हृदय टाकलं असेल. मूळ व्हिडिओखाली कुणीतरी शंका काढली होती की एवढ्या जवळ ड्रोन उडवणं धोक्याचं नाही का, आणि तुम्ही त्याला उत्तर दिलं होतं, की खरंय, अशा लोकांवर कडक कायदा हवा. समितीनं ते वाचलं. ती तुमच्याशी पूर्ण सहमत आहे.