भावोजींची सदोष संपत्ती

निर्दोष वस्तूला तिच्यावर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त कोणी देत नाही, हे अर्थव्यवहाराचे मूलतत्त्व होय. सदोष वस्तूला मात्र कितीही किंमत येऊ शकते. फक्त ती वस्तू नाणे असावी लागते. (बटण चालत नाही. आमचे भावोजी बटणांच्या कारखान्यात तपासनीस आहेत. भोक चुकलेली बटणं ते आयुष्यभर पिंपात टाकत आले, पण त्या बटणांची चौकशी करायला अजून कोणी आलेलं नाही.)

हे तत्त्व भावोजींना मोबाइलवरच्या एका व्हिडिओतून उमगलं. त्यातल्या गृहस्थाचा चेहरा दिसत नव्हता, नुसता अंगठा दिसत होता. पण अंगठा विश्वासू वाटत होता. टांकसाळीत घाईगर्दीत कधी ठसा दोनदा बसतो, कधी बाजूला सरकतो, तर कधी मागचा ठसा फिरून चक्क उलटा बसतो. अशी नाणी नजरचुकीनं बाजारात येतात आणि अडाणी लोक ती खर्चून टाकतात, असं अंगठ्याचं म्हणणं. ‘अडाणी’ या शब्दावर भावोजींनी ताईकडे, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीकडे, पाहिलं. तिला ते आवडलं नाही.

तपासणी लगेच सुरू झाली. साधने: कारखान्यातलं भिंग, टेबललॅम्प आणि एक जुना टूथब्रश. (तो जुना नव्हता. माझा होता.) भावोजींनी नाणं चिमटीत धरलं, मागची बाजू वर केली आणि ते ओरडलेच.

“उलटं आहे!”

दुसरंही उलटं. ताईच्या पर्समधली, कोटाच्या खिशातली, सोफ्याच्या फटीतली सगळी उलटी. एकच काय ते सुलटं निघालं. ते भावोजींनी तुच्छतेनं ताईकडे सरकवलं. “हे साधं आहे. ने तुला साबणाला.”

साध्या माणसाला इथं शंका आली असती. पण भावोजी तपासनीस होते, आणि तपासलेल्या मालावर शंका घेणं त्या पेशात बसत नाही.

घरातली नाणी खर्च करण्यास मनाई झाली. ताई बसमध्ये मोठी नोट काढायची, कंडक्टर सुट्टे मागायचा, ताई “सुट्टे मौल्यवान आहेत” असं सांगून पुढच्या थांब्यावर उतरायची. शेजारच्या शिंप्यानं भावोजींकडून रीत शिकून घेतली, घरी जाऊन पाहिलं, तर त्याचीही नाणी उलटी! आठवड्यात सगळी गल्ली श्रीमंत झाली. वाण्याकडे सुट्टे येईनात, म्हणून तो गोळ्या देऊ लागला. (गल्लीची संपत्ती: चारशेपट. दातदुखी: दुप्पट.) ‘सदोष नाणेधारक मंडळ’ स्थापन होऊन भावोजी बिनविरोध अध्यक्ष झाले.

इथवर सगळं ठीक होतं. मग एके दिवशी जेवताना भावोजी म्हणाले, “सोमवारी राजीनामा देतो. पुरे झाली लोकांची बटणं.”

ताईनं त्यांना आणखी एक पोळी वाढली. तिच्या संसाराला दुसरा पगार नव्हता.

“द्या की,” ती म्हणाली. “पण अहो, आधी एखाद्या जाणकाराला दाखवा. तो हो म्हणाला तर मी स्वतः येते कारखान्यात तुमचा सत्कार बघायला.”

सत्काराचं ऐकून भावोजी तयार झाले.

रविवारी नाण्यांचा व्यापारी आला. मंडळ दाटीवाटीनं उभं होतं. भावोजींनी नाणं फिरवून दाखवलं. व्यापारी बघत राहिला.

“साहेब, पुन्हा फिरवा.” भावोजींनी फिरवलं. “हं. तुम्ही गादी उलटता तसं उलटताय, डोक्याकडची बाजू पायाकडे. पुस्तकाचं पान उलटतो तसं उलटा बघू.”

भावोजींनी तसं उलटलं. नाणं सरळ होतं.

शिंप्यानं हळूच खिशातलं नाणं काढलं, पानासारखं उलटलं आणि दुखवट्याला साजेशा चेहऱ्यानं परत ठेवलं.

“म्हणजे दोष...”

“नाण्यात नाही, साहेब. हातात आहे.”

“टांकसाळीतलाच का?” ताईनं विचारलं. “सासूबाई म्हणतात, लहानपणापासून असंच आहे.”

भावोजींचे कान लाल झाले. ते भिंग पुसत बसले, ते स्वच्छ असूनही. मला त्यांची दया आली. ताईलाही आली असावी, कारण तिनं त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि हळूच विचारलं, “उद्या डब्यात काय देऊ?” राजीनाम्याचा विषय तेवढ्यावर मिटला.

निघता निघता व्यापाऱ्यानं सहज विचारलं, “एखादं तुम्हाला सुलटं दिसलं होतं का? तुमच्या रीतीनं जे सुलटं दिसतं, तेच तेवढं खरं चुकलेलं असतं.”

भावोजींनी ताईकडे पाहिलं. ताईनं मोरीतल्या साबणाकडे पाहिलं.

व्यापाऱ्यानं त्या नाण्याची किंमत सांगितली. शिंपी चपला न घालताच वाण्याकडे धावला.

भावोजी आता नियमित कामावर जातात. मंडळ बरखास्त झालेलं नाही. ते एक नाणं शोधणे एवढाच त्याचा उद्देश उरला असून सभासद रोज वाढताहेत. आपल्यासारखे सुजाण वाचक अर्थातच अशा खुळ्यांना हसतात. तरी, व्यापाऱ्यानं सांगितलेला आकडा मी वर कुठंही लिहिलेला नाही, आणि तो पुढं येईल म्हणूनच आपण इथवर थांबला आहात, याची मंडळानं नोंद घेतली आहे. वर्गणी शिंप्याकडे भरावी. सुट्टे परत मिळणार नाहीत.