सुक्या गच्चीखालचं ओलं कारस्थान

वैभववाडी तालुक्यात माझ्या तोडीचा दुसरा डिटेक्टिव्ह नाही. पहिलाही नव्हता, म्हणून मी झालो. मी यज्ञेश. भेदक नजर, तल्लख मेंदू आणि दुपारपर्यंत झेरॉक्सच्या दुकानात नोकरी. मी शोधत असलेली म्हैस आपणहून गोठ्यात परतली, यावरून माझा दरारा लक्षात यावा.

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी आमच्या वाडीतल्या अनुजाचा फोन आला. (आधी तिने प्लंबरला लावला होता. त्याने उचलला नाही.)

"यज्ञा, बेगीन ये! रांधपातलो स्लॅब गळता नि माझा लगीन मोडता!"

प्रकरण असं. तिच्या स्वयंपाकघराचा स्लॅब ओतला सुदेश गवंड्याने. उन्हाळ्यात घर तापतं म्हणून खालून थर्माकोलचे तक्ते ठोकले, तेही सुदेशने. आणि अनुजाचं लग्न ठरत आलं होतं, तेही सुदेशशीच. पाऊस जाऊन दीड महिना झाला, तरी चार दिवस रोज सकाळी तिचे वडील अप्पा चहाला बसले की वरून थेंब बरोब्बर कपात.

"ज्याका स्लॅब ओतूक येणा नाय, तो संसार काय करतलो?" मी पोचताच अप्पा गरजले. "गळती ह्याची असली तर मी ह्याका माझा चेडू देवचंय नाय!"

सुदेश कोपऱ्यात सिमेंटच्या पोत्यासारखा उभा होता.

मी थेंब चाखला. "खारट नाही. समुद्र निर्दोष."

"समुद्र खंय, वैभववाडी खंय!" अनुजा म्हणाली.

"म्हणूनच त्याच्यावर कोणी संशय घेत नाही."

गच्चीवर गेलो. सुपारी वाळत पडलेली, स्लॅब खडखडीत. "माकडं! पाणी सांडून फडक्याने पुसून गेली. सराईत टोळी."

"मगे सुपारी कित्या ठेवल्यानी?" सुदेश पुटपुटला. मी वहीत लिहिलं : संशयित माकडांची बाजू घेतो.

खाली येऊन मी निकाल दिला. "सुदेशने पावसाळ्यात स्लॅबच्या पोटात पाणी साठवलं. आता थेंबाथेंबाने सोडतोय."

"तरी माका वाटलाच!" अप्पा म्हणाले.

अनुजाचे डोळे भरले. "तुका लगीन वाचवक बोलावलंय रे, मोडूक नाय!"

मी घाईघाईने भिंग काढलं. ते सारखं धुकट होत होतं. हलका माल, दुसरं काय. एवढ्यात त्या धुक्यातून अनुजाची आई, मथुराकाकी, बाहेर आल्या. गेल्या चार दिवसांसारख्याच त्या आजही सकाळपासून तिथेच चुलीवर उकड्या तांदळासाठी भात उकडत होत्या. वाफेमुळे मला दिसल्या नव्हत्या.

त्यांनी टोपावरचं झाकण उचलून अप्पांच्या नाकासमोर धरलं. खालून पाणी ठिबकत होतं.

"ह्या झाकणाक भोक आसा? मगे पाणी खंयसून इला? भाताची वाफ थर्माकोलाच्या फटीतसून वर जाता, थंडगार स्लॅबाक लागता नि पाणी होवन तुमच्या कपात पडता. दरवर्सा मी भात अंगणात उकडतंय. औंदा नको कोणी सांगल्यान?"

सगळ्यांनी अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी अंगणाकडे पाहिलं. तिथे नवेकोरे लाल-पिवळे पेव्हर ब्लॉक चमकत होते.

"काळे पडतले म्हणान..." अप्पा म्हणाले.

सुदेशला वाचा फुटली. "नि तक्ते वरून घालून त्येच्यार सिमेंटाचो कोबो करूया म्हटलंय, तेवा तुमीच म्हणालास, गच्चीर सुपारी सुकता, थंय हात लावू नको. वरून घातले असते तर स्लॅब ऊबदार रवलो असतो, पाणी धरूचोच नाय!"

"म्हणजे गुन्हेगार अप्पा!" मी बोट रोखलं. "मला पहिल्यापासून..."

ऐकायला कोणी नव्हतं. मथुराकाकी पेव्हर ब्लॉकवर तीन दगड मांडत होत्या आणि अप्पा नि सुदेश टोपाच्या कड्यांना गोणपाट धरून दारातून बाहेर पडत होते.

"सांभाळून, जावयबापू," अप्पा म्हणाले, "हात भाजतलो."

टोप जागच्या जागी थांबला. अनुजा एकदम आत पळाली.

अप्पा माझ्याकडे वळले. "नि तुका लग्नाचा बोलावणा नाय!"

डिटेक्टिव्हला बोलावणं लागत नाही. तारीख मीच शोधून काढीन. सध्या तीन मुहूर्त संशयित आहेत.